वर्णभिंत आणि करारपत्र : जॅकी रॉबिन्सन यांच्या पदार्पणाचा पुनर्विचार

अमेरिकेच्या सामाजिक इतिहासात १५ एप्रिल १९४७ या दिवसाला विशेष स्थान आहे. या दिवशी ब्रुकलिन येथील एबेट्स फील्ड मैदानावर जॅकी रॉबिन्सन (१९१९-१९७२) हे कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रथमच उतरले. ही घटना बहुधा एका धैर्यवान खेळाडूची आणि एका उदार संघचालकाची कथा म्हणून सांगितली जाते. रॉबिन्सन यांच्या धैर्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि, वर्णभेदाची ही भिंत कोणत्या अटींवर पडली आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न त्या कथेत मागे पडतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. व्यावसायिक बेसबॉलच्या वरिष्ठ स्तरावर खेळलेले रॉबिन्सन हे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू नव्हेत. मोझेस फ्लीटवुड वॉकर हे १८८४ साली टोलेडो संघाकडून अमेरिकन असोसिएशन या तत्कालीन प्रमुख संघटनेत खेळले होते. म्हणजे दार आधी उघडे होते. ते पुढे बंद करण्यात आले. जुलै १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगच्या संघचालकांनी कृष्णवर्णीय खेळाडूंशी यापुढे नवे करार न करण्याचे ठरविले आणि हळूहळू हीच रीत सर्वत्र रूढ झाली. मेजर लीगच्या नियमावलीत मात्र अशी बंदी कोठेही लिहिलेली नव्हती. १९२० ते १९४४ या काळात बेसबॉलचे आयुक्त असलेले केनेसॉ माउंटन लँडिस यांनी १९४२ मध्ये असा कोणताही नियम अस्तित्वात नसल्याचे जाहीरपणे सांगितले. ते शब्दशः खरेही होते. अलिखित नियमाविरुद्ध दाद मागता येत नाही, हेच त्याचे खरे बळ होते.

१९४५ पर्यंत परिस्थिती पालटली. लँडिस निवर्तले होते. दुसऱ्या महायुद्धात कृष्णवर्णीय सैनिक लढले होते. न्यूयॉर्क राज्याने नोकरीतील वर्णभेदास प्रतिबंध करणारा कायदा संमत केला होता. वेंडेल स्मिथ, सॅम लेसी यांसारखे कृष्णवर्णीय पत्रकार अनेक वर्षे हा प्रश्न लावून धरीत होते. अशा वेळी डॉजर्सचे ब्रँच रिकी यांनी पुढाकार घेतला. २८ ऑगस्ट १९४५ रोजी झालेल्या भेटीत त्यांनी रॉबिन्सन यांच्याकडून एक अट मान्य करून घेतली : मैदानावर कितीही अपमान झाला तरी प्रत्युत्तर द्यावयाचे नाही. ही अट कोणासमोर ठेवली जात होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. सैन्यात अधिकारी असताना १९४४ मध्ये टेक्सासमध्ये बसच्या मागील भागात जाऊन बसण्यास रॉबिन्सन यांनी नकार दिला होता. त्यावरून त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला व ते निर्दोष सुटले. अशा माणसाला मौन पाळावे लागले. १९४७ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फिया संघाचे व्यवस्थापक बेन चॅपमन यांनी त्यांना उद्देशून केलेली वांशिक शिवीगाळ त्यांनी निमूटपणे सोसली. त्याच वर्षी ते सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरले आणि १९४९ मध्ये नॅशनल लीगचे सर्वाधिक मौल्यवान खेळाडू.

आता करारपत्राकडे वळू. १९४५ च्या हंगामात रॉबिन्सन कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघाकडून खेळत होते. हा संघ 'निग्रो लीग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र स्पर्धेतील होता. गोऱ्यांच्या स्पर्धेतून हद्दपार झालेल्या खेळाडूंनी आणि संघचालकांनी उभारलेला तो एक स्वतंत्र व्यवसाय होता. रिकी यांनी मोनार्क्सला एक डॉलरही दिला नाही. निग्रो लीगमधील करारांना आणि त्या स्पर्धेच्या संघटनेलाच ते वैध मानीत नव्हते. मोनार्क्सच्या चालकांनी (ते दोघेही गोरे होते) प्रारंभी तक्रार केली, परंतु खेळाडूच्या वाटेत आडवे येण्याचा आरोप पत्करणे त्यांना शक्य नव्हते. नुअर्क ईगल्सच्या एफा मॅन्ली यांनाही डॉन न्यूकंब यांच्यासाठी रिकींकडून मोबदला मिळाला नाही. मात्र जुलै १९४७ मध्ये लॅरी डोबी यांना क्लीव्हलंड संघाने घेतले, तेव्हा त्यांनी आग्रह धरला आणि बिल व्हीक यांच्याकडून एकूण १५,००० डॉलर मिळविले. रक्कम मोठी नव्हती. पण कृष्णवर्णीयांच्या संघाचाही करार हा करारच असतो, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. माझ्या मते मॅन्ली यांचा हा आग्रह वर्णभेदविरोधी संघर्षाच्या इतिहासात अधिक ठळकपणे नोंदविला जावयास हवा.

त्याने संघ मात्र वाचले नाहीत. प्रेक्षक रॉबिन्सन आणि डोबी यांच्या मागोमाग गेले. १९४८ च्या हंगामानंतर निग्रो नॅशनल लीग बंद पडली आणि मॅन्ली यांनी आपला संघ विकला. मेजर लीगने खेळाडू एकेक करून घेतले. संघ, त्यांचे चालक, व्यवस्थापक आणि प्रशिक्षक यांना बाहेरच ठेवले. खेळाडूंचा प्रवेशही धिमाच होता : बॉस्टन रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९५९ मध्ये उतरविला. याच संघाने एप्रिल १९४५ मध्ये रॉबिन्सन यांची चाचणी घेऊन पुढे काहीही कळविले नव्हते.

रॉबिन्सन यांना या अपुरेपणाची जाणीव होती. ऑक्टोबर १९७२ मध्ये वर्ल्ड सीरिजच्या वेळी झालेल्या सत्कारात त्यांनी कृष्णवर्णीय व्यवस्थापक पाहण्याची इच्छा बोलून दाखविली आणि नऊ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, त्यांचे निधन झाले. फ्रँक रॉबिन्सन हे क्लीव्हलंडचे व्यवस्थापक झाले ते १९७५ मध्ये.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगना प्रमुख स्पर्धांचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट केली. परिणामी कारकिर्दीतील फलंदाजीच्या सरासरीत जोश गिब्सन यांचे नाव सर्वांत वर आले. गिब्सन यांचे निधन २० जानेवारी १९४७ रोजी, म्हणजे रॉबिन्सन यांच्या पदार्पणाच्या तीनच महिने आधी झाले होते. मेजर लीगमधील कोणत्याही संघाने त्यांच्याशी करार केला नव्हता.