बहिणाबाईंची गाणी : वहीत न मावलेली चाल

सावद्याच्या आमच्या घरी 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक होते. आजीला अक्षरओळख नव्हती. एकदा ती धान्य पाखडत असताना मी तिला त्यातले एक गाणे वाचून दाखवू लागलो. दोन ओळी ऐकताच ती म्हणाली, "वाचू नको रे. म्हन." आणि तिने त्याच ओळी जात्यावरच्या चालीत म्हटल्या. 'मले', 'डोया' अशा ज्या शब्दांवर मी शाळेतल्या सवयीने अडखळत होतो, ते तिच्या तोंडी घरचेच होते. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातली लेवा गणबोली तीच.

बहिणाबाई चौधरींना आपण कवयित्री म्हणतो. माझ्या मते ती ओळख अपुरी आहे. स्वतः रचणारी आणि स्वतः गाणारी ही लोकगायिका होती. १८८० साली जळगावजवळच्या असोद्यात जन्म, लहानपणीच लग्न, ऐन तारुण्यात वैधव्य, पुढे शेत आणि मुलेबाळे. त्यांना रंगमंच नव्हता. जाते, चूल आणि शेताचा बांध हेच त्यांचे व्यासपीठ. आठ-आठ अक्षरांचे चरण हाताच्या कामाच्या लयीत बसत आणि गाणे तिथेच पुरे होई.

त्यांतली काही गाणी मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी लिहून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. ते पाहायला बहिणाबाई नव्हत्या. गायिकेची लौकिक कारकीर्द तिच्या मृत्यूनंतर सुरू झाली, तीही छापील अक्षरांतून.

वहीत शब्द आले. चाल वहीत मावत नाही. कुठला स्वर लांबवायचा, कुठली ओळ पुन्हा घ्यायची, हे कागद सांगत नाही. पुढे चाली आल्या, त्या संगीतकारांच्या. 'मानिनी' (१९६१) या चित्रपटात वसंत पवारांनी, नंतर उत्तरा केळकरांच्या गायनासाठी यशवंत देवांनी त्या बांधल्या. त्या गोड आहेत, त्यांनीच ही गाणी घरोघरी नेली. पण त्या जात्याच्या फेऱ्यातून निघालेल्या नाहीत.

२०१६ साली बॉब डिलन या लोकगीत आणि रॉक गाणाऱ्या अमेरिकन गायकाला साहित्याचे नोबेल मिळाले, तेव्हा गाणे म्हणजे साहित्य का, असा वाद जगभर झाला. पुढच्या वर्षीच्या नोबेल व्याख्यानात डिलन यांनीच सांगितले, की गाणी वाचण्यासाठी नसतात, गाण्यासाठी असतात. आपल्याकडे नेमके उलटे घडले. बहिणाबाईंना साहित्यात मानाचे पान मिळाले आणि गाणे दाराबाहेर राहिले. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले, तेही 'कवयित्री' या बिरुदासह. पुस्तकाच्या नावात मात्र अजून 'गाणी'च आहेत.

सावदा-फैजपूर भागात जात्यावर गायलेल्या बायका आता थोड्याच उरल्या असतील. बहिणाबाईंच्या गाण्यांचा अभ्यास त्यांच्या गळ्यापासून सुरू व्हायला हवा, आणि तो आजच. हे मी उशिरा शिकलो. आजीला जाऊन बरीच वर्षे झाली. तिने म्हटलेल्या दोन ओळींचे शब्द पुस्तकात आहेत. तिची चाल मी कुठेच टिपून ठेवली नाही.