ठपका आणि सल्ला

१८१५ साली कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हाती कॅमेरा आला तो वयाच्या ४८ व्या वर्षी, इंग्लंडमध्ये. मुलीने व जावयाने दिलेली ती भेट होती. पुढच्याच वर्षी त्या लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सभासद झाल्या. तेथील जाणकारांना मात्र त्यांच्या छायाचित्रांत दोषच अधिक दिसले : चेहरे अस्पष्ट, काचेच्या निगेटिव्हवर डाग नि ओरखडे.

कॅमेरॉन यांनी ही सारी टीका एकाच मापाने मोजली नाही. अस्पष्टता ही त्यांची निवड होती. रेखीव नाकडोळ्यांपेक्षा माणसाचे अंतरंग त्यांना टिपावयाचे होते. योग्य फोकस कोणता, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न त्यांनी १८६४ च्या अखेरीस आपले स्नेही, शास्त्रज्ञ सर जॉन हर्षेल यांना पत्रातून विचारला. १८६७ मध्ये त्याच शैलीत टिपलेले हर्षेल यांचे छायाचित्र पुढे विख्यात झाले. परंतु निगेटिव्हवरील थराला भेगा पडू लागल्या, तेव्हा १८६९ मध्ये त्याच सोसायटीच्या सभासदांकडे त्यांनी सल्ला मागितला; सभासदांनीही संभाव्य कारणे सुचविली.

हातातील उणीव दाखविणारी टीका कलावंताला पुढे नेते. दृष्टीच बदला म्हणणारी टीका त्याने पारखून घ्यावी लागते. आपण यांपैकी काय सांगत आहोत, हे सांगणाऱ्यानेही आधी ओळखावे. मुलांची चित्रे नि निबंध हाती घेणाऱ्या शिक्षक-पालकांनाही हा विवेक उपयोगी पडेल.