पूर्वसुसंगतता (प्रोग्रॅमिंग भाषांची)
प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या मानकानुसार लिहिलेला प्रोग्रॅम नव्या मानकातही न बदलता चालण्याचा गुण. मानक सुधारताना हा गुण आणि भाषेची प्रगती यांचा मेळ घालावा लागतो. नियम बदलले तर वापरातले प्रोग्रॅम मोडतात. काहीच बदलले नाही तर जुने दोष कायम राहतात.

सी भाषेचे पहिले मानक १९८९ मध्ये आले. १९९९ च्या मानकात सत्यासत्य मूल्यांसाठी स्वतंत्र प्रकार हवा होता. पण ‘बूल’ हे नाव अनेकांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये आधीच वापरले होते. म्हणून अधोरेषेने सुरू होणारे ‘_बूल’ हे नाव स्वीकारले गेले. साधे ‘बूल’ हवे असल्यास वेगळी हेडर फाइल जोडावी लागे. सी-२३ आवृत्तीत मात्र ‘बूल’ थेट राखीव शब्द झाला. जुना दोष कसा टिकून राहतो याचे उदाहरण म्हणजे सी भाषेतील ‘गेट्स’ हे फलन; ते वाचलेल्या ओळीची लांबी तपासत नसे. १९८८ च्या मॉरिस वर्म या स्वतः पसरणाऱ्या प्रोग्रॅमने याच त्रुटीचा फायदा घेतला. तरीही ते २०११ च्या मानकातच वगळले गेले.

फोरट्रानने टप्प्याटप्प्याचा मार्ग घेतला : फोरट्रान ९० ने काही सुविधा कालबाह्य ठरवल्या आणि फोरट्रान ९५ ने त्यांपैकी ‘पॉज’ विधानासारख्या काही काढून टाकल्या. याउलट पायथन ३ ने (२००८) सुसंगतता जाणूनबुजून तोडली. ‘प्रिंट’ हे विधान न राहता फलन झाल्याने त्यापुढे कंस आवश्यक ठरले. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. म्हणजे स्थित्यंतराला अकरा वर्षे लागली.