परतणाऱ्या यानाचा ताप मोजताना

पृथ्वीच्या कक्षेतून परतणारे अंतराळयान वातावरणात शिरते, तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर असतो. पुढ्यातील हवा एकदम दाबली जाऊन प्रचंड तापते. 'नासा'च्या स्पेस शटलच्या पंखांची पुढची कड अशा वेळी सुमारे १६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापत असे. १ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' शटल याच टप्प्यात नष्ट झाले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा आदळून त्याच्या डाव्या पंखाच्या कडेला भगदाड पडले होते. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीरांना प्राण गमवावे लागले.

भगदाडच नव्हे, तर पृष्ठभागावरील लहानसा उंचवटाही चिंतेचा ठरतो. यानालगत संथपणे सरकणारा हवेचा थर त्यामुळे विस्कटतो, खळबळ माजते आणि मागच्या भागाला कितीतरी अधिक उष्णता मिळते. २००५ मध्ये 'डिस्कव्हरी'च्या पोटाकडील टाइल्सच्या फटींतून भरणपट्ट्या बाहेर डोकावताना आढळल्या. त्यांचा नेमका परिणाम खात्रीने सांगता येत नव्हता. अखेर ३ ऑगस्ट रोजी अंतराळवीर स्टीफन रॉबिन्सन यांनी यानाबाहेर जाऊन त्या हाताने उपसून काढल्या.

ही अनिश्चितता कमी करण्यासाठी 'नासा'च्या लँगले संशोधन केंद्राने 'हायथर्म' प्रकल्प हाती घेतला. यानात बसवलेले तापमापक केवळ मोजक्या बिंदूंची माहिती देतात. दुरून घेतलेल्या अवरक्त छायाचित्रात मात्र यानाचा संपूर्ण तळ दिसतो. तप्त पृष्ठभाग जितका गरम, तितके त्याचे अवरक्त उत्सर्जन अधिक. मधल्या हवेत शोषले जाणारे किरण आणि टाइल्सची उत्सर्जनक्षमता हिशेबात धरून चित्रातील प्रत्येक ठिपक्याच्या तेजस्वितेवरून तापमान काढले जाते. तापमापकांच्या नोंदींशी ते ताडूनही पाहता येते.

२८ मार्च २००९ रोजी 'डिस्कव्हरी' परतत असताना तिच्या डाव्या पंखाखालील एका टाइलवर पाव इंच उंचीचा उंचवटा मुद्दाम ठेवलेला होता. यान ध्वनीच्या सुमारे साडेआठपट वेगाने जात असताना अमेरिकी नौदलाच्या 'ओरायन' विमानातील दुर्बीणयुक्त कॅमेऱ्याने त्याचा तळ टिपला. उंचवट्यामागे पाचरीच्या आकाराचा अधिक तप्त पट्टा त्यात स्पष्ट उमटला.

शटलची उड्डाणे २०११ मध्ये थांबली, तरी हे तंत्र मागे पडले नाही. लघुग्रहांवरील नमुने घेऊन २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात उतरलेली जपानच्या 'हायाबुसा-२'ची आणि २०२३ मध्ये अमेरिकेतील युटा येथे उतरलेली 'ओसायरिस-रेक्स'ची कुपी, या दोन्हींचे परतीचे निरीक्षणही विमानांतून करण्यात आले. उष्णताकवच किती जाड हवे, हे गणितावरून ठरते आणि ते गणित प्रत्यक्षात कितपत उतरते, याची साक्ष अशा चित्रांतून मिळते.