आंतरस्तर रचना (बिनतारी सेन्सर जाळ्यांतील)

बिनतारी सेन्सर जाळ्यात संदेशवहनाचे निरनिराळे स्तर आपल्याजवळची माहिती एकमेकांना पुरवून निर्णय घेतात, त्या पद्धतीस आंतरस्तर किंवा क्रॉस-लेअर रचना म्हणतात. रूढ रचनेत प्रत्येक स्तर केवळ लगतच्या स्तराशी, ठरलेल्या चौकटीत व्यवहार करतो. बॅटरीवर महिनोन्‌महिने चालायच्या सेन्सरला हा अबोला महाग पडतो.

खर्चाचे मूळ रेडिओत आहे. या जाळ्यांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या सीसी-२४२० या रेडिओ चिपला पूर्ण शक्तीने पाठवताना १७.४ मिलिअँपिअर, तर ऐकताना १८.८ मिलिअँपिअर लागतात. म्हणून कोणी बोलत नसेल तेव्हा रेडिओ झोपवावाच लागतो. पण जागे कधी व्हायचे, हे मोजमाप करणाऱ्या उपयोजन स्तरालाच कळते.

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली. अशा नदीकाठी पाणीपातळी मोजायची तर उन्हाळ्यात तुरळक नोंदी पुरतील. पाणी चढू लागताच त्या मिनिटामिनिटाला हव्यात. चढाची खबर खालच्या स्तरांना वेळीच मिळाली, तर वाटेतले सेन्सर आधीच जागे राहतात. एरवी संदेश प्रत्येक टप्प्यावर खोळंबतो. अंबरनाथ-उल्हासनगरच्या दाट वस्तीतून वाहणाऱ्या वालधुनीच्या काठी प्रश्न दोन सेन्सरांमधल्या दुव्याच्या भरवशाचा ठरेल, कारण तेथे, सीसी-२४२० चालते त्याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात घरोघरच्या वाय-फायचीही गर्दी असते.

दुवा पारखण्याची एक नेटकी रीत रॉड्रिगो फोन्सेका व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडली. तिला चारच बिट लागतात. आलेला संदेश स्वच्छ होता का, हे भौतिक स्तर सांगतो. पाठवलेल्याची पोच मिळाली का, हे दुवा स्तर. उरलेले दोन बिट मार्ग ठरवणाऱ्या स्तराचे: हा शेजारी सेन्सर यादीतून काढू नये का, आणि नवा शेजारी यादीतल्या एखाद्यापेक्षा उपयुक्त आहे का. इतक्या मोजक्या देवाणघेवाणीमुळे स्तरांच्या सीमा शाबूत राहतात, हे तिचे खरे मोल.

सेन्सर जाळ्यांवरील महाराष्ट्राशी निगडित कामांत ‘सेनस्लाइड’ (२००७) उल्लेखनीय आहे. आयआयटी मुंबईच्या संशोधकांचा सहभाग असलेली ही प्रणाली पश्चिम भारतातील दरडींचा अंदाज घेण्यासाठी होती. खडकाच्या भेगांत पाणी मुरून वाढणारा ताण स्वस्त स्ट्रेन गेजने मोजण्याची तिची रीत होती.

विकास कवाडिया आणि पी. आर. कुमार यांनी २००५ मध्ये आंतरस्तर पद्धतीच्या अतिरेकाविरुद्ध इशारा दिला. कमीत कमी टप्प्यांचा मार्ग निवडणारा स्तर लांबचे दुवे धरतो; दुव्यानुसार वेग बदलणारा स्तर त्यांवर वेग उतरवतो. दोन्ही आपापल्या जागी योग्य, पण एकत्र आल्यावर जाळे मंदावते.

सुरक्षेचाही प्रश्न आहे: एका स्तरात शिरलेली खोटी माहिती इतर स्तरांचेही निर्णय बिघडवू शकते.