हमीपत्र आणि सांडलेला चहा

लॅपटॉपवर चहा सांडला तर नुकसान कोणीं सोसावें? हा तंटा नवा, परंतु त्याचें मूळ जुनें आहे. १९३० सालच्या वस्तुविक्रय कायद्यानें ‘गिऱ्हाइका, सावध राहा’ हें तत्त्व मुख्य मानिलें व त्यास मोजकेच अपवाद ठेविले. पुढें १९७४ सालीं पुण्यास बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायत स्थापिली आणि १९८६ सालीं ग्राहक संरक्षण कायदा झाला.

तथापि हमी बहुधा घडणींतील दोषाची असते, सांडलेल्या चहाची नव्हे. खरा वाद पुराव्याचा आहे. यंत्रांतील पट्टी ओल लागतांच रंग पालटते. पण ती ओल आंत कशी शिरली, हें ती सांगत नाहीं.

२०१९ च्या कायद्यान्वयें नागपूरकरास नागपुरांतच दाद मागतां येते, मात्र दोन वर्षांच्या आंत. म्हणून यंत्र नाकारलें गेल्यास कारण लेखी मागून घ्यावें.