दवाखान्यात गरीब, घरी आली की श्रीमंत!

लेकरू महिनोन्‌महिने दवाखान्यात असलं की घरातले सगळे एकाच शब्दाकडे डोळे लावून बसतात. डिस्चार्ज! पण कधी कधी डॉक्टर हो म्हणतात, आईबाप तयार असतात, तरी लेकरू घरी येऊ शकत नाही. कारण मध्ये एक सरकारी नियम आडवा येतो. ४० हून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेत असंच झालं. पोस्ट जरा मोठी आहे, पण वाचा. शेवटी ती आपल्यापर्यंत येते.

आयोवा राज्यातलं सीडर रॅपिड्स शहर. मार्च १९७८ मध्ये तिथे केटी बेकेट जन्मली. पाचेक महिन्यांची असताना विषाणूच्या संसर्गाने तिच्या मेंदूला सूज आली. जीव वाचला, पण लकवा राहिला आणि श्वासासाठी व्हेंटिलेटर लागू लागला. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली. पोरगी दवाखान्यातच वाढू लागली. तिथेच वाढदिवस, तिथेच खेळणी, नर्सबाई हेच गणगोत.

बेकेट कुटुंब काही गरीब नव्हतं. विमा होता, पण त्याची १० लाख डॉलरची मर्यादा संपली. मग मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी योजना, बिल भरू लागली.

आता गंमत बघा. म्हणजे गंमत कसली, क्रूर चेष्टाच. नियम असा होता की मूल दीर्घकाळ दवाखान्यात असेल तर आईबापांचं उत्पन्न त्याच्या खात्यात धरायचं नाही. म्हणजे ते मूल गरीब, सरकार खर्च करणार. तेच मूल घरी आलं की आईबापांचा पगार मोजायचा. म्हणजे ते गरीब नाही, मदत बंद! पोरगी तीच, आजार तोच, यंत्र तेच. फक्त घराचा उंबरठा ओलांडला की ती कागदावर श्रीमंत.

तीन वर्षांची होईपर्यंत केटी दिवसातला काही वेळ व्हेंटिलेटरशिवाय काढू लागली होती. घरी नेलं तर पोरीसाठी बरंच होईल, असं डॉक्टरांचं मत. तिची आई ज्यूली शिक्षिका. ती गप्प बसणारी नव्हती. एकेका कार्यालयाचं दार ठोठावत प्रकरण तिथल्या खासदारापर्यंत, टॉम टॉके यांच्यापर्यंत गेलं, आणि तिथून थेट व्हाइट हाउसला.

१० नोव्हेंबर १९८१. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी पत्रकार परिषदेत नाव न घेता हीच गोष्ट सांगितली. दवाखान्यात महिन्याला ६,००० डॉलर, घरी १,००० डॉलर. तरी नियम म्हणतो दवाखान्यातच ठेवा! थोड्याच दिवसांत आरोग्यमंत्री रिचर्ड श्वाइकर यांनी केटीसाठी नियमाला अपवाद केला. नाताळच्या आधी पोरगी घरी आली.

इथे गोष्ट संपली असती तर ती फक्त एका दयाळू राजाची गोष्ट झाली असती. आणि राजाची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच वर्षी रीगन सरकारने मेडिकेडच्या पैशाला कात्री लावली होती. केटीचं उदाहरण त्यांना हवं होतं ते सरकारी कारभार कसा आंधळा असतो हे दाखवायला. पण ज्यूलीने वेगळाच प्रश्न धरून ठेवला: माझी पोरगी आली, बाकीच्यांचं काय? प्रत्येक आईने राष्ट्राध्यक्षापर्यंत पोचायचं का?

सप्टेंबर १९८२ मध्ये कायदा झाला. दवाखान्याच्या दर्जाची देखभाल लागणारं मूल, घरी खर्च दवाखान्यापेक्षा जास्त नाही, तर आईबापांचं उत्पन्न न बघता राज्य सरकार घरीच मेडिकेड देऊ शकतं. लोक त्याला आजही ‘केटी बेकेट’ तरतूद म्हणतात. सक्ती नाही, राज्याच्या मर्जीवर. तरी त्या वाटेने असंख्य मुलं घरी आली.

केटी कॉलेजात गेली, पदवी घेतली, स्वतः अपंगांच्या हक्कांसाठी बोलू लागली. १८ मे २०१२ ला वारली, वयाच्या ३४ व्या वर्षी.

आणखी एक हिशोब राहिला. ६,००० चे १,००० झाले ते फक्त खाट बदलल्यामुळे नव्हे. रात्री उठून नळीतला कफ ओढायचा, यंत्राच्या आवाजावर कान ठेवून झोपायचं, हे काम घरच्यांनी अंगावर घेतलं म्हणून. आईच्या रात्रीचं बिल कोणी लावत नाही.

आता आपल्याकडे या. महात्मा फुले योजना, आयुष्मान भारत, दोन्हींत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण. मोठाच आधार आहे, नाकारायचं कारण नाही. पण या योजना मुळात भरती झालेल्या रुग्णासाठी. घरी गेल्यावर सक्शन मशीन, ऑक्सिजन, लाइट गेली तर इन्व्हर्टर, रात्रीची बाई, हे बहुतेक खिशातूनच. ‘निरामय’ विमा आहे, पण १ लाखापर्यंत आणि ठरावीक अपंगत्वांनाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी देखभाल भत्त्याचा उल्लेखही आहे. कायद्यातला शब्द घरोघरी पोचवायला मात्र कोणीतरी मागे लागावं लागतं.

आमदार-खासदार दवाखान्याच्या उद्घाटनाला येतात, खाटा मोजून दाखवतात. पुढच्या वेळी आले की एवढंच विचारा: साहेब, खाटेवरून उठून घरी गेलेल्या लेकराचं काय?

तुमच्या ओळखीत असं घर असेल तर नुसतं ‘काळजी घ्या’ म्हणू नका. एक रात्र जाऊन बसा, आईला झोपू द्या. आणि ही पोस्ट त्या साहेबांपर्यंत पोचवा.